राकेट उतरायचं राहिलं

कडूबाईचं नाव कडू कसं पडलं, हे पिंगळीत कोणी विचारत नसे. असलं नाव का ठेवतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. निदान ही तरी मरणाला कडू लागावी आणि त्यानं थुंकून टाकावी, म्हणून आजीनं बारशाला ते नाव ठेवलं. उपाय लागू पडला. कडू वाचली, वाढली, लग्न होऊन पिंगळीला आली, आणि बघते तर सासूचं नाव दगडाबाई. म्हणजे तिकडंही कुणीतरी हीच युक्ती आधी करून ठेवलेली. दोघींना मरण विसरलं खरं, पण बाकीच्यांनी फार आठवणीत ठेवलं असंही नाही. कडूबाईचा नवरा नाशिककडं कामाला गेला आणि तिकडंच दुसरं घर मांडून बसला. दगडाबाई सुनेला म्हणाली, "त्यो माजा लेक आसल, पर घर तुजं हाय," आणि तिच्याजवळच राहिली.

घर म्हणजे बौद्धवाड्यातलं, विहाराच्या मागचं, पत्र्याचं. दोघींची पोटं कडूबाईच्या दोन हातांवर. त्यातला उजवा हात एका वर्षी ज्वारीच्या मळणी यंत्रानं ओढून घेतला. हात सुटला, मधली बोटं यंत्रात राहिली. जखम भरल्यावर कडूबाई डाव्या हातानं खुरपं धरायला शिकली. पण डावा हात तो डावाच. सारं आयुष्य उजव्याच्या सावलीत बसलेला गडी एकाएकी कारभारी केला तर काय कारभार करणार?

वाड्यातल्या बायकांची एक टोळी होती. टोळीची म्होरकी बायनाबाई. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की एका रानातून हाक मारली तर दुसऱ्या रानातले बैल कान टवकारायचे. ती गुत्त्यानं काम घ्यायची. अमुक रान खुरपून द्यायचं, त्याचे इतके पैसे, आणि ते सगळ्या जणींत सारखे वाटायचे. गुत्त्याचा कायदा सोपा असतो. प्रत्येकीनं पिकाची एकेक ओळ धरायची, तिला पात म्हणतात, आणि सगळ्यांनी बरोबरीनं समोरच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागायचं. एखादी मागं राहिली तर पुढं पोचलेल्या बायका उलट्या फिरून तिची पात काढून देतात. अडीनडीला हे सगळ्याच करतात. कुणाचं लेकरू आजारी असतं, कुणाला कणकण असते. पण कडूबाईची अडीनडी रोजची झाली. रोज ओळीच्या शेवटाला तिचं शेपूट लोंबायचं, आणि रोज कुणाला तरी मागं फिरावं लागायचं.

पहिल्या वर्षी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी चांगुणाबाई बोलली. टोळीत हात सगळ्यात चपळ तिचा, आणि जीभ त्याहून चपळ. "कडूचं वाईट वाटतंय मला," ती भाकरी खाताना सगळ्यांदेखत म्हणाली, "पर वाईट वाटून पात सरत न्हाई. आमी तिचं काम कवर वढावं?" कडूबाई चटणी कालवत राहिली. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, त्या दिवशी तर तिला स्वतःचीच चटणी अळणी लागली. बायनाबाई एवढंच म्हणाली, "हंगाम सरू द्या, मंग बगू." बघू म्हणजे काय ते कडूबाईला कळत होतं. दुसरी कुठली टोळी तिला घेणार नव्हती. ऊसतोडीला दोन हात लागतात, वीटभट्टीला दोन हात लागतात. ही ओळ सुटली की तिला उभं राहायला जागा नव्हती.

हे नव्वद सालचं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव होऊन बारा वर्षं होत आली होती आणि नाव अजून लागलं नव्हतं. मोर्चे निघत, वाडा जाई, परत येई, कामाला लागे. त्या आषाढात शनिवारी परभणीला असाच एक मोर्चा निघाला. टोळीतल्या सगळ्या बायका गेल्या. एकटी चांगुणाबाई नव्हती, ती सेलूला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. मोर्च्यात चालून चालून सगळ्यांचे पाय सुजले, म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, कुणीच रानात गेलं नाही. रविवारी मोकळं असायची या बायकांना सवय नव्हती. त्यांची सुट्टी बाजाराच्या दिवशी. पाय शेकत किती वेळ बसणार? सगळ्या उठून बन्सीधरच्या घरी टीव्ही बघायला गेल्या.

बन्सीधर रेल्वेत गँगमन होता. रुळांची देखभाल करायचा. वाड्यात टीव्ही त्याच्या एकट्याच्या घरी, काळा-पांढरा, वर कस्तुराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विणलेला रुमाल. त्या रविवारी एक नवीन मालिका सुरू झाली. नाव हिंदीत होतं, 'ध्रुव के उस पार', पण बायकांनी ते पहिल्याच दिवशी टाकून दिलं आणि 'राकेटाचं' एवढंच ठेवलं. वसुधा नावाची एक शिकलेली बाई अंतराळयानातून एका लांबच्या ताऱ्याकडं निघालेली असते. निघायच्या सकाळी ती आपल्या लहान मुलीचे केस विंचरत बसते. एका बाजूची वेणी होते. दुसरीला हात घालणार तोच बाहेर जीप वाजते, आणि वसुधा कंगवा पोरीच्या हातात देऊन उठते. एक वेणी घातलेली, एका बाजूचे केस सुटलेले, अशी ती पोर जीपमागं धावते. मग राकेट उडतं आणि नावं येतात.

"आगं, येणी तर पुरी करायची!" बायनाबाई टीव्हीवर ओरडली. "दोन मिंटं थांबलं आसतं तर जीप काय पळून गेली आसती?" त्या दिवशी वाड्यात दुसरा विषय नव्हता.

पुढच्या रविवारी मात्र रान बोलवत होतं. आबासाहेबांच्या रुळाकडच्या रानात कापसात गवत माजलं होतं आणि बायनाबाईनं गुत्ता घेतला होता. सकाळी निघताना सगळ्यांच्या पोटात एकच. राकेटाचं काय झालं? तेव्हा बायनाबाईनं तोड काढली. एकीनं टीव्ही बघावा, बाकीच्यांनी तिची पात काढावी, आणि तिनं दुपारी रानात येऊन सगळं सांगावं. कोणी जावं याचा विचार तिला करावा लागला नाही.

"कडू, तू जा," ती म्हणाली. "तुजी पात आमी काडताव."

बायका हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, पण हसल्या. जिच्या जाण्यानं कामाचं सगळ्यात कमी नुकसान, तीच पाठवायची, हा हिशोब कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. कडूबाईलाही नव्हती. ती मान खाली घालून बन्सीधरच्या घरी गेली. टोळीनं तिला बाजूला काढायला सुरुवात केली, असंच तिला वाटलं, आणि तसं वाटण्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

दुपारी ती रानात आली. सगळ्या जणी ओळीत बसून पुढं सरकत होत्या. तिनं रोजच्यासारखी कडेची पात धरली आणि सांगायला लागली. "आरडून सांग की!" पलीकडून ओरडा आला. ती आरडून सांगायला लागली तर अलीकडच्यांच्या कानाला त्रास. शेवटी बायनाबाई म्हणाली, "उट तितून. मदी यिऊन बस." म्हणून कडूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा मधली पात धरली.

तिला सांगता येतं हे त्या दुपारपर्यंत तिलाही माहीत नव्हतं. कोण कधी ऐकायला बसलं होतं? टीव्हीतली हिंदी निम्मी कळायची, निम्मी नाही. न कळलेल्या निम्म्यात ती आपलं घालायची. यानातली माणसं ज्या गोळ्या खाऊन राहायची त्या गोळ्या तिनं वाळवलेल्या हुलग्यांच्या केल्या. यंत्राचा आवाज तर तिच्या हाडात बसलेला होता. यानाचं यंत्र बिघडलं तेव्हा तिनं तो घशातून असा काढला की दोघी जणी खुरपं टाकून मागं सरकल्या.

आणि एक गोष्ट झाली, जी आधी कुणाच्याच ध्यानात आली नाही. ऐकायचं तर कडूबाईच्या जवळ राहायला हवं. चपळ हाताच्या बायका पुढं निघून गेल्या तर त्यांना ऐकू येईना, म्हणून त्या हात आवरायला लागल्या. रेंगाळणाऱ्या मागं राहिल्या तर त्यांचं निम्मं बुडे, म्हणून त्या हात उचलायला लागल्या. कडूबाईच्या दोन्ही बाजूच्या बायका तर सांगण्यात खंड पडू नये म्हणून जाता जाता तिच्या पातीतलंही गवत उपटायच्या. सगळी ओळ एका सुतात धुऱ्याला लागली. आबासाहेब छत्री घेऊन धुऱ्यावर उभे होते. "बायना, आज वळ कशी काय सरळ?" त्यांनी विचारलं. बायनाबाईनं मागं वळून बघितलं आणि तिलाही नवल वाटलं. उलटं फिरायची कुणाला गरजच पडली नव्हती.

तेव्हापासून ते लागून राहिलं. रविवारी सकाळी कडूबाई टीव्हीला, दुपारी रानाला, आणि आठवडाभर तेच चाळून, पाखडून, पुन्हा पहिल्या धारेचं. चांगुणाबाई सेलूहून आली तेव्हा राकेट चंद्राच्या पलीकडं गेलं होतं. तिनं पहिले दोन दिवस तोंड फिरवून खुरपलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "राकेटातल्या त्या डागदराला ताप कशानं आलाय पर?" झालं, तीही लागली. मात्र बोलायची सोडली नाही. "हे सरलं की पुन्ना हायच आपलं कडूपुराण," असं ती अधूनमधून म्हणायची, आणि कडूबाईला ते ऐकू यायचं.

एकदा मालिकेत असं निघालं की यान इतक्या वेगानं चाललंय की यानात एक वर्ष जातं तेव्हा जमिनीवर बरीच वर्षं जातात. कडूबाईला ते कळेना. तिनं बन्सीधरला विचारलं. तो म्हणाला, "शास्त्र हाय ते," म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं. रुळाच्या कडेनं रानाकडं येताना ती विचार करत राहिली. रानात येऊन म्हणाली, "म्हायेरी राह्यलेले चार दिस आन् सासरचे चार दिस सारके आसतेत का गं? म्हायेरी पापणी लवली की सरतेत. तसं हाय ते. राकेटात म्हायेर हाय, आन् जिमिनीवर सासर." सगळ्या बायकांना तात्काळ कळलं. मग कुणीतरी म्हणालं, "म्हंजे ती येईस्तवर लेक म्हातारी व्हईल की!"

तो पावसाळा असा गेला. संध्याकाळी विहारात वर्षावासाचं वाचन असायचं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज ग्रंथ वाचायचा, शेवटच्या दिवशी खीर करायची. वाचायला बन्सीधर. त्याचं वाचन मालगाडीसारखं, एका चालीत, मध्ये कुठं थांबा नाही. तरी बायका दरवर्षी यायच्या आणि दरवर्षी ऐकायच्या. त्या वर्षी मात्र दोन-तीन म्हाताऱ्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ह्याच्या जागी कडूला बसवाय पायजेल." कडूबाईनं ते ऐकलं आणि पदर तोंडाशी नेला. तिला इतकं बरं वाटलं की तिला त्याची लाज वाटली.

आश्विनीची खीर झाली, दिवाळी झाली, रब्बीची ज्वारी खुरपायला आली. एका रविवारी राकेट माघारी फिरून पृथ्वीजवळ पोचलं, आणि भाग संपल्यावर पडद्यावर अक्षरं आली आणि पाठोपाठ बाईचा आवाज. पुढच्या रविवारी अंतिम भाग. 'अंतिम' कळायला हिंदी यावी लागत नाही. कस्तुराबाई म्हणाली, "संपलं म्हणायचं की गं." कडूबाई म्हणाली, "संपलं." आणि रानात जाऊन तिनं सगळं सांगितलं, तेवढं सोडून.

अंतिम भागाच्या दिवशी कस्तुराबाईची तव्यावरची भाकरी करपली, इतकी ती रडली. कडूबाई रडली नाही. ती बघत होती, एकेक गोष्ट मनात ठेवत होती, आणि तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आज हे सांगून टाकलं की उद्या काय? उद्या ती पुन्हा कडेच्या पातीला. परवा चांगुणाबाई बोलणार. आणि बायनाबाईचा हंगाम तर सरत आलेलाच.

ती रानात पोचली. "उतरलं का?" तिला बघताच सगळ्या एकदम ओरडल्या.

"न्हाई आजून," कडूबाई म्हणाली. "खाली जागा बगायलेत."

तिनं असं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मात्र मागं घेता आलं नाही, आणि राकेट पृथ्वीभोवती फिरायला लागलं. वसुधा खिडकीशी बसून खाली बघायची. खाली काय काय दिसायचं! समुद्र दिसायचा, डोंगर दिसायचे, रात्री गावागावांचे दिवे दिसायचे. दुधना दिसली, पूर्णा दिसली. "पिंगळी दिसली का?" कुणीतरी विचारलं. "दिसली की. टेसन दिसलं. पॅशिंजर हुबी व्हती." "मंग खरंच हाय ते," बायनाबाई म्हणाली, "ती हुबीच आसती." एके दिवशी वसुधाला वरून एका काळ्या रानात बायकांची एक ओळ दिसली, मुंग्यांएवढी, आणि ती सगळ्यांना बोलावून म्हणाली, बघा, कशी सरळ चाललीय. आबासाहेब धुऱ्यावर उभे होते. त्यांच्या घरी रंगीत टीव्ही. ते म्हणाले, "हे आमच्या टीव्हीत न्हाई दाखवलं," आणि काही वेळ तिथंच उभे राहिले.

दगडाबाई घरी रोज विचारायची, कारण कडूबाईची पहिली ऐकणारी तीच. "उतरलं का?"

"न्हाई."

"बाई गं," म्हातारी म्हणाली, "वर गेलेलं कवातरी खाली यावंच लागतंय. दाणापाणी काय जल्मभर पुरतंय का तेंचं?"

पुढच्या रविवारी कडूबाई नेहमीसारखी बन्सीधरच्या घरी गेली. त्या वेळेला आता समुद्रातल्या माशांचं काहीतरी दाखवत होते. ती भिंतीला टेकून मासे बघत बसली. कस्तुराबाईनं काही न विचारता चहा दिला. रानात जाऊन कडूबाईनं सांगितलं की ढग आलेत, खालचं दिसंना गेलंय, ढग हटल्याबिगर उतरता येत न्हाई. बायका "आता गं!" म्हणाल्या आणि खुरपत राहिल्या. तिची सकाळची पात त्यांनी काढून ठेवली होती. स्वच्छ, तिच्या स्वतःच्या हातानं कधी झाली नसती इतकी स्वच्छ. काम चुकवायची तिला कधी सवय नव्हती. हात गेला तेव्हाही तिनं फुकटची भाकरी खाल्ली नव्हती. आता रोज खोटं विकून खात होती, आणि विकत घेणाऱ्या तिच्याच बायका होत्या.

त्याच्या पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा टीव्ही बंदच होता. कस्तुराबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. "लावू का?" तिनं विचारलं.

"राहू दे," कडूबाई म्हणाली. तिनं दुसरं सूप ओढलं. दोघी ज्वारी पाखडत, खडे वेचत बसल्या. भाग संपायची वेळ झाली तशी कडूबाई उठली आणि रानाकडं निघाली.

रानात आल्यावर तिनं मधली पात धरली. सांगायला तोंड उघडलं, पण त्या दिवशी ढगही सुचेनात. "तर काय झालं," ती म्हणाली, "वसुदाबाई खिडकीशी बसली..."

"कडू," चांगुणाबाई मान वर न करता म्हणाली, "आता उतरीव त्ये. डिजेल सरंल त्येचं."

सगळी ओळ थांबली. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच जणी हसायला लागल्या, अगदी ज्वारीच्या ताटांना धरून. कडूबाईच्या हातातलं खुरपं खाली पडलं. तिला वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं. "कवापसून मालूम हाय तुमाला?" तिनं विचारलं.

"शेवटचा भाग झाला त्याच सांजंला कस्तुरानं नळावर सांगितलं, राकेट उतरलं म्हून," बायनाबाई म्हणाली. "रडत सांगत व्हती. मी म्हणलं, पुडचं सांगू नगं, कडू सांगंल."

"मंग बोलला न्हाईत कामून?"

"काय बोलावं? तू उतरू दिना गेलीस, आमी बसलाव वर बगत." बायनाबाईनं पदरानं डोळे पुसले, हसून पाणी आलं होतं. "पर आता बास झालं. वर्षावासाची समाप्ती आपुन कोरडी करत न्हाईत. उद्या मी खीर आणते. उद्या उतरीव."

त्या रात्री कडूबाई चुलीपाशी हाच हिशोब करत बसली. सगळं कळून बायकांनी तिची पात काढली होती, हे तिला एका बाजूनं गोड लागत होतं. दुसऱ्या बाजूनं कळत होतं की उद्याच्या खिरीनं सगळंच गोड होऊन संपणार. समाप्ती म्हणजे समाप्ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाच्या झाडाखाली भाकरी झाल्या, बायनाबाईनं डबा उघडला, गव्हाची खीर सगळ्यांच्या वाटीत पडली. कडूबाईनं आपली वाटी बाजूला ठेवली आणि राकेट उतरवलं. तिनं यात आपलं काही घातलं नाही. जे बघितलं तेच सांगितलं. राकेटाचं दार उघडतं. वसुधा बाहेर येते, गेली तेव्हा होती तशीच, तरणी. समोर माणसांची गर्दी, हार, तुरे. ती कुणाकडंच बघत नाही, तिची नजर पोरीला शोधते. गर्दीच्या मागं खुर्चीवर एक म्हातारी बसलेली असते. केस पांढरे, हातात काठी. वसुधा तिच्यापुढून निघून जाते, ओळखत नाही. मग म्हातारी हाक मारत नाही, काही नाही. ती फक्त कनवटीतून एक जुना कंगवा काढते आणि पुढं धरते. वसुधा थांबते. तिच्या मागं जाऊन उभी राहते. म्हातारीच्या एका बाजूची वेणी घातलेली असते, दुसऱ्या बाजूचे केस सुटलेले.

"आन् मंग," कडूबाई म्हणाली, "ती दुसरी येणी घालती. सरलं."

बायनाबाईनं उघड उघड नाक ओढलं. एकीनं पदरात तोंड घातलं. मोर्च्याच्या दुसऱ्या दिवशी सुजलेल्या पायांनी बघितलेली ती पोर सगळ्यांना आता दिसत होती, जीपमागं धावणारी. आणि कडूबाईला, टीव्हीसमोर न आलेलं रडू, तिथं आलं. संपलं म्हणून आलं, आपलं संपलं म्हणूनही आलं.

"आगं पर," चांगुणाबाईचा आवाज आला, "येणी कोणची?"

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती खिरीची वाटी हातात धरून कोरड्या डोळ्यांनी बसली होती आणि चिडली होती.

"कोणची म्हंजे? पयल्या दिशी न्हाई का..." बायनाबाई म्हणाली आणि थांबली.

"पयल्या दिशी मी सेलूला नव्हते का? लेकीपाशी!" चांगुणाबाईनं वाटी खाली ठेवली. "तुमी सगळ्या रडायलाव, आन् मी एकटी येड्यावानी बगायले. आल्यापसून ऐकायले मी. कोणाच्या तोंडून येणीचं नाव निगालं न्हाई."

"राकेट उडालं म्हणून सांगितलं व्हतं की तुला," कुणीतरी म्हणालं.

"उडालं म्हंजे काय सांगितलं? कंगवा कुटून आला, केस कामून सुटले, काय कळंना मला. कडू, लाव पयल्यापसून."

"आगं, सरलं ना पर ते," कडूबाई म्हणाली. "समद्यांनी ऐकलंय."

"ऐकलंय म्हून काय झालं? विहारात दरसाल त्योच ग्रंथ लागतो. गेल्या साली ऐकला म्हून कोणी उटून गेलं का आजपतुर?" चांगुणाबाईनं सगळ्यांकडं बघितलं. कोण नाही म्हणणार होतं? बन्सीधरच्या मालगाडीलासुद्धा कुणी उठून गेलं नव्हतं. "आन् बन्सीधर वाचतो. ही तर सांगती."

बायनाबाईनं रिकामा डबा झाकला. "चला," ती म्हणाली, "सांज व्हायच्या आत ही बाजू सरवायची हाय."

बायका उठल्या, खुरपी उचलली आणि आपापल्या पातीला बसल्या. कडूबाई सवयीनं कडेच्या पातीकडं निघाली होती. चांगुणाबाईनं तिला दंडाला धरून मध्ये बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारची पात धरली.

"तुजीबी मी बगते," ती म्हणाली. "तू नीट सांग. येणीपसून सांग. काई गाळू नगंस."

कडूबाईनं डाव्या हातात खुरपं घेतलं, उजव्या हातानं डोळे पुसले. "एक वसुदाबाई व्हती," ती म्हणाली, "सकाळच्या पारी लेकीची येणी घालायली व्हती." ओळ सरकायला लागली. चांगुणाबाई दोन पाती एकदम ओढत होती, आणि एवढ्या चपळ हाताची बाई असून ती कडूबाईच्या पुढं जात नव्हती.